डोळ्याखालचा रंग

काळूरामने नलूला तिच्या आईच्या दारात आणलं ते वेणीला धरून. अंगणात बोंबील वाळत घातले होते. त्या बांबूखालून वाकून यायचं असतं, पण त्याने तिला वाकू दिलं नाही. बांबू कपाळावर बसला, तोंडात तोंड अडकवून टांगलेले पाचसहा बोंबील खाली आले आणि कोंबड्यांचं आयतंच फावलं.

"मामी!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. तिकडे जावई सासूला मामीच म्हणतो, आणि हा शब्द त्याच्या तोंडून शिवीसारखा यायचा. "हिचं थोबाड नीट करून दे. भरती लागायच्या आत."

कमळ चुलीपुढून उठली. लेकीच्या डाव्या डोळ्याकडे तिने एकदा पाहिलं. मार परवाचा असावा. सूज उतरली होती, पण डोळ्याखाली काळंनिळं पडलं होतं आणि कडेला जांभळं. गळ्यावरही बोटं उठली होती. ती पदराखाली झाकता आली असती. डोळा कुठल्या पदराखाली झाकणार?

त्या दिवशी कोजागिरी होती. भर दुपारी मोठी भरती येणार आणि त्या भरतीवर काळूरामची नवी होडी पाण्यात लोटायची होती. थळच्या किनाऱ्यावर होडी ही लक्ष्मी, आणि तिची पूजा नाखव्याच्या बायकोने करायची. त्या बायकोच्या तोंडावर माराची खूण दिसली तर खलाशी होडीवर पाय ठेवत नाहीत. ज्याने घरची लक्ष्मी बडवली त्याला पाण्यावरची काय पावणार, असा त्यांचा सरळ विचार. घरची बडवू नये असं मात्र कुणी म्हणत नसे. दिसता कामा नये, एवढंच.

आणि दिसू न देण्याची विद्या कमळच्या हातात होती. तिचा बाप सदा शिमग्याच्या नाटकांत तोंडं रंगवायचा. काळ्याकभिन्न खलाशाची त्याने सीता केली की म्हाताऱ्या बायका तिची दृष्ट काढायच्या. बापाच्या मांडीला लागून कमळ सगळं शिकली, आणि लग्नानंतर ते सगळं पहिल्यांदा वापरलं ते स्वतःच्याच तोंडावर. नवरा दर्यात गेला तेव्हा वाडी हळहळली. कमळही रडली, रीतीप्रमाणे. मग कित्येक वर्षांनी ती दोन्ही कुशींवर नीट झोपली.

पुढे वाडीतल्या बायका तिच्या मागच्या दाराने यायला लागल्या. अलिबागच्या बाजारात पाटी घेऊन बसायचं तर तोंड धड हवं. नाहीतर गिऱ्हाईक पापलेट उलटंपालटं करता करता विचारतं, काय गो, नाखव्याने रात्री प्रसाद दिला वाटतं? कमळ कुणाला काही विचारत नसे आणि बायका काही सांगत नसत. नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं तर तक्रार कुणाकडे करायची? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण एकदा ही झाकली मूठ कमळला भारी पडली होती. आदल्या पावसाळ्यात काळूरामने लाथ घातली आणि नलूच्या पोटातलं पोर गेलं. तेव्हा कमळने लेकीला जमातीपुढे उभी केली. जमातीचा नियम असा, की नवरा-बायकोचं भांडण घरात मिटवायचं. बायकोच्या तोंडावर मार दिसला तरच पंच नवऱ्याला जाब विचारणार, काडीमोड द्यायची तर तीही त्यावरच. आणि आमच्या कमळबाईंनी काय करावं? एवढ्या पुरुषांत पोर असलं तोंड घेऊन कशी उभी राहील, या लाजेने निघण्याआधी डबा काढला आणि नलूच्या डोळ्याखाली रंग लावला. छान लावला, नेहमीसारखा! पंचांचा म्होरक्या भिकू पाटील, त्याने नलूची हनुवटी वर करून पाहिली आणि म्हणाला, "मार कुठं हाय गो? पोरीचं तोंड तर साफ हाय." मीच झाकला, असं कमळने कुठल्या तोंडाने सांगायचं? नलूला परत सासरी पाठवलं, आणि पंचांपुढे गेली म्हणून काळूरामने तिला वेगळं मारलं.

आता नलूला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेस पोटातलं तर जाईलच, पण नलूही उरायची नाही, हे कमळला लख्ख दिसत होतं.

"न्हाय लावणार," ती म्हणाली.

काळूराम हसला. त्याने नलूची वेणी सोडली, दोन पावलांत आत आला आणि कमळचा डावा पंजा धरून करंगळी मागे वाकवली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. कमळ गुडघ्यांवर कोसळली.

"उजवा हात कामाचा हाय म्हणून सोडला," तो अगदी शांतपणे म्हणाला. "डाव्याला आजून चार बोटं हायत. लावतीस का एकेक मोडू?"

नलू किंचाळत त्याच्या पाठीवर गेली. त्याने मागे न बघताच पाय झाडला. ती दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीकडे सरकत गेली, आणि ते पाहून कमळ म्हणाली, "थांब. लावते."

चुलीवर कालवण रटरटत होतं. ते उचलून त्याच्या डोक्यावर ओतावं असं कमळच्या मनात आलं, आलं म्हणजे काय, हात पुढेही झाला. पण उकळत्या कालवणाने असला माणूस मरत नाही, नुसता पिसाळतो. आणि पिसाळल्यावर तो कुणाला धरणार हे भिंतीशी बसलं होतं. तिने फडताळातून डबा काढला.

डब्यात सगळं बापाच्या वेळचं: पांढरा सफेता, पिवळी पिवडी, तांबडा हिंगूळ, गेरू, ग्लिसरीनची बाटली. बाप दोन तऱ्हेने रंग करायचा. रात्रभर थयथय नाचणारा राक्षस असला तर सफेता खोबरेलात खलायचा, म्हणजे घाम येवो की पाणी पडो, रंग हलत नाही. एका प्रवेशापुरता ऋषी असला तर पाण्यात खलायचा, म्हणजे तोंडावर तांब्याभर पाणी मारलं की माणूस मोकळा. वाडीतल्या बायकांना कमळ तेलाचाच लावायची, कारण डोक्यावरच्या पाटीतून मासळीचं पाणी गळत राहतं. कमळचा रंग दर्यालासुद्धा पुसता यायचा नाही, असं वाडीत बोलत. रंगातलं काळूरामला कळत होतं ते एवढंच, आणि त्याच भरवशावर तो आला होता. कारण होडीची पूजा झाली की पाच सवाशिणी नाखविणीच्या डोक्यावर समुद्राचं पाणी ओततात. नाखवीण भिजली की होडी तरते, अशी रीत.

कमळचा हात खोबरेलाच्या बाटलीवर गेला. तिथून तो सरकला आणि तिने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

काळूराम उंबऱ्यावर बसून विडी ओढत होता, नजर इकडेच. कमळने बशीत आधी हिंगूळ आणि पिवडी कालवली. काळ्यानिळ्यावर एकदम सफेता चढवला तर तो राखेसारखा दिसतो. आधी खालचा निळा मारावा लागतो, आणि निळा मरतो तो तांबूस पिवळ्याने. तिने अनामिकेच्या टोकावर थोडासा घेतला. या बोटात जोर कमी, म्हणून डोळ्याखाली हेच बोट. घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं, आतल्या कोपऱ्यातून बाहेर. नलूच्या डोळ्याखालची कातडी गरम लागत होती आणि बोट टेकलं की थरथरत होती. डाव्या हाताची करंगळी कमळच्या मांडीवर वाकडी पडली होती, ठणका थेट खांद्यात जात होता. त्या हाताकडे ती बघेना.

पहिला हात वाळू दिला. मग सफेत्यात पिवडी आणि चिमूटभर गेरू घालून नलूच्या उजव्या गालाचा रंग जुळवला. तो इतका पातळ लावला की खालची कातडी जिवंत दिसावी. कडा ओल्या बोटाने विरघळवल्या. वर पावडरचा फुगा फिरवला.

नलू या घरात वाढलेली पोर. तिने नाकाने श्वास घेतला आणि तिची नजर एकदम आईच्या नजरेला भिडली. खोबरेलाचा वास नव्हता. आता ही काही बोलली तर संपलं. नलूने डोळे मिटले.

"आये, जरा कडेला ऱ्हायलाय बघ," ती एवढंच म्हणाली.

काळूरामने तिला उन्हात ओढून नेलं. चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. अंगठा डोळ्याखालून फिरवून पाहिला. कोरडा रंग जागचा हलला नाही. "मामी, हाताला सोनं लागलंय तुझ्या," तो खुशीत म्हणाला. "तू पन ये. लांब हुबी ऱ्हा पन. विधवेची सावली नको होडीवर."

किनाऱ्यावर सगळी वाडी लोटली होती. होडीला झेंडूच्या माळा, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, नवं लुगडं. खलाशी दोन्ही बाजूंनी हात लावून उभे, त्यांच्यात म्हातारा हिरामण सगळ्यांत पुढे. वाजंत्री वाजत होती. काळूराम होडीवर चढून राजासारखा उभा. भिकू पाटील पांढरी टोपी घालून मानाच्या जागी. कमळ मागे सुक्या वाळूत, मोडक्या करंगळीचा हात पदरात गुंडाळून.

तिला भीती एकच होती. ऊन चटचटत होतं. कपाळाच्या घामाचा एक ओघळ जरी आधी खाली आला, तर काळूराम ओळखेल, पूजा थांबवेल आणि नलूला घरी नेईल. घरी, दार लावून. कमळने आयुष्यात एवढा देवाचा धावा केला नव्हता, आणि तोही कशासाठी, तर लेकीचं तोंड चारचौघांत उघडं पडावं म्हणून.

नलूने गुडघाभर पाण्यात उभं राहून नाळेला हळद-कुंकू वाहिलं, ओटी भरली. नारळ फुटला. पाच सवाशिणी हंडे भरून पुढे आल्या. पहिला हंडा डोक्याच्या मागे गेला. दुसरा खांद्यावर. तिसरा नेमका कपाळावरून खाली आला.

आधी पांढरं ओघळलं, मग त्यामागून हिंगुळाचा तांबडा ओघळ, आणि मग डोळ्याखालचं काळंनिळं सगळं उघडं झालं. पदर भिजून सरकला होता, गळ्यावरची पाच बोटंही मोजून घ्यावीत अशी दिसत होती. चौथी सवाशीण हंडा उचललेलाच धरून थांबली.

सगळ्यांनी पाहिलं. कमळने सगळ्यांना पाहताना पाहिलं. आता कुणीतरी बोलेल, आता बोलेल, म्हणून ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

बोलली ती ठमी, काळूरामची आई. ती लगबगीने पाण्यात शिरली, स्वतःचा पदर नलूच्या तोंडावर टाकला आणि म्हणाली, "हळद गेली गो सुनेच्या डोळ्यात! वाजवा रे, थांबलात काय?" आणि वाजंत्री वाजायला लागली! भिकू पाटील डोलकाठीवरच्या निशाणाकडे बघायला लागला, जणू ते त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. चौथीने हंडा ओतला. पाचवीने ओतला. ज्यांच्या डोळ्यांखाली कमळने स्वतःच्या हाताने रंग लावला होता, त्याच त्या बायका. खाली मान घालून त्यांनी पाणी ओतलं.

कमळला तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं कुणापासून काहीच लपवलं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. रंगाने त्यांची फक्त सोय केली होती. तिच्या अंगाचा असा भडका उडाला की करंगळीचा ठणकासुद्धा विसरली.

ती धावत पाण्यात शिरली. विधवा होडीला शिवतेय म्हणून मागून बोंब उठली. तिने ठमीला ढकललं, नलूच्या तोंडावरचा पदर ओढून काढला आणि लेकीची हनुवटी धरून तोंड पाटलाकडे फिरवलं.

"भिकू पाटला, निशाण मागनं बघ! तवा विचारलंस ना, मार कुठं हाय? ह्यो बघ. डोळं हायत ना तुला? हिच्या पोटातलं लाथेनं मारलं त्यानं, आता दुसऱ्याची पाळी हाय. बघ, न्हायतर सांग तुझं बी डोळं रंगवून देते!"

काळूरामने होडीवरून उडी मारली. त्याला आता सगळं उमगलं होतं, आणि रागाच्या भरात तो जे बोलला ते वाडीने ऐकलं.

"रांडे, न्हाय पुसनार असा लाव म्हनून आनली हुती तुझ्याकडं! पान्यानं जानारा लावलास?"

म्हणजे चोराने आपणच बोंब मारली. पण तेवढं समजायला कमळ पाण्याच्या वर नव्हती. त्याने तिच्या मानगुटीला धरून तिला खाली दाबलं होतं आणि पाठीवर गुडघा रोवला होता. तोंडात वाळू गेली, नाकात खारट पाणी. तिने हात झाडले, मोडलेली करंगळी कशावर तरी आपटली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. एकदा तिचं डोकं वर आलं, तेव्हा तिला दिसलं की खलाशी होडी धरून तसेच उभे आहेत. कुणीही हललं नव्हतं. मग ती पुन्हा खाली गेली. छातीत आग पेटली. आपण मरतोय, आणि आपल्यामागे ही पोर याच्याच हातात राहणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग पाठीवरचं ओझं एकदम हललं.

नलूने होडीतलं वल्हं ओढून काढलं होतं. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला तसा दुसरा तोंडावर, डोळा आणि गाल एक करत. काळूराम नाळेवर आपटला आणि त्याच्या नाकाचं रक्त नव्या लुगड्यावर उडालं. नलू थांबली नाही. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. धोपटणं धरून गोधडी बडवावी तसं ती त्याला बडवत होती, पाठीत, मांड्यांत, डोकं झाकणाऱ्या हातांवर, आणि त्याच्याभोवतीचं पाणी लाल होत होतं. कमळ खोकत, ओकत वाळूवर सरपटली आणि तिथून बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटत होतं.

शेवटी हिरामणने वल्हं धरलं. "पुरे, पोरी. मरंल त्यो."

"मग मरू दे," नलू म्हणाली. पण वल्हं तिने सोडून दिलं.

हिरामणने नाळेवरचं रक्त पाहिलं. त्याने होडीवरचा हात काढला आणि धोतराला पुसला. "या होडीवर मी न्हाय चढणार," तो म्हणाला. एकेक करून सगळ्यांनी हात काढले. नलूच्या कळवळ्याने काढले असं कुणी समजू नये. ते दर्याला भ्याले होते. पण कशाला का होईना, भ्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमात बसायची होती. त्याआधी कमळचं मागचं दार वाजलं. बाहेर ठमी उभी होती, नेहमी बायका उभ्या राहायच्या तिथेच, तशीच पदर तोंडाशी धरून.

"कमळ, पोराचा डोळा पार काळा झालाय गो. पंचांपुढं कसा जायाचा असल्या तोंडानं? बायकोनं मारला म्हनून पोरंटोरं हसतील. जरा रंग दे तुझा. तेलाचा दे."

कमळच्या तोंडावर आलं होतं फार काही. पण ठमीच्या डाव्या गालावर तिला ताजा वळ दिसला. रात्री लेकाने आईवरच राग काढला होता.

"न्हाय देणार," कमळ म्हणाली. "त्याला बी न्हाय आनि तुला बी न्हाय. अशीच ये जमातीत."

ठमी आली नाही. काळूराम आला, तोंडाला पंचा गुंडाळून. भिकू पाटलाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पण आज पाहायला निशाण नव्हतं. त्याने काळूरामला पंचा सोडायला लावला. मग त्याने नलूच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुष्कळ वेळ घसा खाकरला. काल भर किनाऱ्यावर काळूराम स्वतःच बोलून गेला होता, ते आता गिळता येत नव्हतं. काडी मोडली. नलू सुटली, पोटातल्यासकट.

"आता पदर घे गो तोंडावर," पाटील उठता उठता म्हणाला. "झालं ना तुझं काम?"

नलूने पदर घेतला नाही. सगळ्या वाडीमधून ती तशीच चालत निघाली, आणि कमळ तिच्या बाजूने. चालता चालता कमळने लेकीकडे पाहिलं. आजवर तिने हे तोंड कितीदा हातात धरलं होतं, आणि दर वेळी ते रंग लावायचं तोंड होतं: पिवडी किती घ्यावी, हिंगूळ किती, कडा कुठे विरघळवावी. आज लावायचं काहीच नव्हतं. नुसता मार होता, आणि तो तिच्या लेकीला लागला होता.

भर रस्त्यात ती मटकन खाली बसली आणि वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रडायला लागली. नलू तिच्या शेजारी बसली आणि तिचा सुजलेला डावा हात आपल्या मांडीवर घेऊन बसून राहिली.